पेंढ्यातली नागीण

सिऊखिमच्या दिराला, भाऊजींना, एक वाईट खोड होती. घरात कुणी कण्हलं की आधी बुवा आणायचे, मग बुवाला चहा पाजायचे, आणि दुखतंय कुठे ते सगळ्यात शेवटी विचारायचे. त्या सकाळी सिऊखिम तोंगशीच्या बंदरावरून कालवांची टोपली घेऊन परतली, तर अंगणात अख्खी गल्ली जमलेली. मधोमध तिचा मुलगा आबिन, उघड्या अंगानं खुर्चीला बांधलेला. गेल्या हिवाळ्यात याच पोराला तिनं स्वतःचं मूत्रपिंड दिलं होतं.

डाव्या बरगडीखाली, कण्यापासून बेंबीपर्यंत फोडांचा पट्टा उठला होता.

"नागीण!" बुवा सुरा परजत गरजला. "तोंड शेपटीला भिडलं की खेळ खलास! आणि हिला दूध कोण पाजतंय? ह्या हॉस्पिटलच्या गोळ्या!"

भाऊजींनी लगेच गोळ्यांची डबी शिंपल्यांच्या ढिगात भिरकावली.

बुवानं पेटती उदबत्ती फोडांवर टेकवली. आबिनच्या किंकाळीनं कोंबड्या छपरावर चढल्या. मग बुवानं पेंढ्याचा नाग जमिनीवर टाकला, समुद्रदेवी माझूमातेचं नाव घेतलं आणि सुरा खाडकन उतरवला. पेंढा वळवळला. रक्ताची चिळकांडी उडाली.

"मेली! मेली!" गल्लीनं गुडघे टेकले.

थेंब सिऊखिमच्या मनगटावर उडाले. मासळीच्या रक्तासारखे बुळबुळीत होते. तिनं कालवं फोडायची सुरी काढली आणि पेंढा उभा चिरला. आतून अर्धी वाम मासळी तडफडत बाहेर पडली.

"बाई, कोप होईल!" बुवा सुरा उगारून धावला. तिनं टोपली त्याच्या तोंडावर हाणली. शिंपल्यांनी कपाळ फाटलं, बुवा चिखलात उताणा पडला.

"घ्या, याचंही रक्त निघालं," ती म्हणाली. "टेका गुडघे!"

"पण माझी नागीण यानंच बरी केली की गं," शेजारीण पुटपुटली.

दोर कापून तिनं पोराला ताइनानच्या हॉस्पिटलात नेलं. भाऊजी मागोमाग आले, मान खाली घालून. डॉक्टर च्यूबाईंना तिनं विचारलं, मग शेजारणीची नागीण बुवानं कशी बरी केली?

"मावशी, याला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? तो विषाणू अंगातून जात नाही, मज्जातंतूच्या मुळाशी झोपून राहतो. तुमचं मूत्रपिंड याच्या शरीरानं परकं समजून मारू नये, म्हणून आम्ही गोळ्यांनी शरीराच्या राखणदाराला, प्रतिकारशक्तीला, पेंगवतो. राखणदार पेंगला की हा विषाणू उठतो. धडधाकट माणसाची नागीण बहुतेक वेळा आपली आपण सुकते, आणि एका मज्जातंतूची वाट शरीराच्या अर्ध्याच भागात असते. म्हणून नागीण अंगाच्या मधोमधच थांबते, बुवा म्हणतो मी थांबवली. पण आबिनसारख्याच्या ती फुप्फुसात, मेंदूतही शिरते. आता सलाईनमधून औषध लावते. गोळ्या किती घ्यायच्या ते आम्ही ठरवू. मनानं बंद केल्यात तर मूत्रपिंड गेलंच समजा."

पडद्यामागे आबिन झोपेत कण्हला. सिऊखिम भाऊजींकडे वळली.

"वहिनी, माझ्या मनात वाईट नव्हतं..."

"मनाचं मला सांगू नका, भाऊजी. माझं पोट कापण्याआधी डॉक्टरांनी मला चारदा समजावलं, आणि मी अडाणी बाई, तरी चाळीस प्रश्न विचारले. तुम्ही शाळा शिकलेले. पोराला डागताना बघत राहिलात, तोंडातून एक प्रश्न निघाला नाही. यापुढे माझ्या उंबऱ्यात देव आला तरी त्याला आधी 'कसं?' म्हणून विचारायचं. नाही विचारलंत, तर पुढच्या पेंढ्यात वाम नसेल. तुम्ही असाल."