ढवळायची कांडी

फत्तेसिंगांनी छावणीतले घोडे पारखले, त्यांचे पुत्र दामोदरराव यांनी साबणाच्या कारखान्यात चंदनतेल पारखले, आणि दामोदररावांचे विश्वासराव जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवीत राहिले. त्या विश्वासरावांची कन्या संयोगिता बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत प्राध्यापक होती. आणि पारखीवर पोसलेल्या घराण्याच्या या लेकीला एक क्षुल्लक अभिक्रिया दाद देत नव्हती, याचा तिला मनस्वी संताप येत होता.

अभिक्रिया तिची नव्हे, तिच्या मैत्रिणीची, कल्पनाची. कार्बनी रेणूंचे दोन तुकडे जोडायचे तर पॅलेडियम हा महागडा धातू हवाच, असा सर्वांचा समज. कल्पनाने जाहीर केले की एक स्वस्त सेंद्रिय संयुग तेच काम धातूवाचून करते. वाद पेटला. कुणाला साधले, कुणाला नाही. संयोगिताकडे तर शेजारशेजारच्या दोन चंबूंपैकी एकात साधे आणि दुसरा ढिम्म राही. रसायने बदलली, काचसामान आम्लाने धुतले, सारे पालथ्या घड्यावर पाणी!

अखेर वैतागून तिने दोन्ही चंबूंतल्या ढवळणाऱ्या चुंबकी कांड्या चिमट्याने काढून उजेडात धरल्या. ढिम्म चंबूतली कोरी होती. दुसरी जुनी, तिच्या पांढऱ्या टेफ्लॉनवर काळसर ओरखडे. पूर्वी याच कांडीने पॅलेडियमचे प्रयोग ढवळले होते. त्याचे कण ओरखड्यांत दबा धरून बसले होते आणि खरे काम तेच करीत होते. सगळीकडे नव्या कांड्या घातल्या, आणि सगळे चंबू निपचित पडले.

"मॅडम, आजच पेपर पाठवू या!" तिचा विद्यार्थी ईशान उसळला. "दुसऱ्या कुणी आधी छापलं तर माझी थीसिस गेली."

"आधी कल्पनाला सांगायचं."

"त्यांना? त्या अडवतील आपल्याला!"

"अडवू देत. तुझ्या वयाची असताना मी चुकीचा निष्कर्ष छापायला निघाले होते. कल्पनाने दिवाळीची सुट्टी मोडून तो प्रयोग पुन्हा केला आणि चूक फक्त माझ्या कानात सांगितली. बाहेर चकार शब्द नाही. ते ऋण आहे माझ्यावर."

जे. पी. नगरच्या घरी कल्पनाने सारे ऐकले आणि कॉफीचा पेला आपटला.

"बाहेरचे पुरेनात म्हणून आता तूही का गं?"

"भांडण नंतर. प्रयोगशाळा तुझी, हात तुझे, फक्त कांड्या माझ्या. चल, ऊठ."

"आणि जमलं तर?"

"तर चारचौघांत माफी मागेन."

"सरी, ठीक आहे! चल."

जमले नाही. कल्पनाने चंबूंचे ढवळणे बंद केले.

"छापून टाक तू," ती कोरडेपणाने म्हणाली.

"आधी तू तुझा लेख मागे घे, कारणासकट. तोवर आमचा माझ्या टेबलावर राहील."

कल्पनाने माघारीचे निवेदन घासूनपुसून धाडायला तीन आठवडे लावले. संयोगिता रोज चरफडत होती, ईशान रोज दारात उभा. निवेदन छापून आले; स्वतःची चूक स्वतः कबूल केली म्हणून कल्पनाची इभ्रत राहिली. पण संयोगिताचा लेख निघण्यापूर्वीच एका परदेशी गटाने कांडीचे तेच कारण शोधून छापले.

"दुसरे ठरलो, मॅडम," ईशान म्हणाला आणि दार आपटून गेला.

 चीड संयोगितालाही आली होती. मात्र त्या दिवाळीचे ऋण पुरते फिटले होते.