पिशवीत राहिलेली चिठ्ठी

ही गोष्ट १९७४ सालची. मी एक जुनी पिशवी आहे, मित्रांनो. विभागीय फुटबॉल चषकात कोणाची गाठ कोणाशी पडणार, त्याच्या चिठ्ठ्या माझ्यात टाकत. इतकी वर्षं हे काम करूनही फुटबॉल म्हणजे काय, ते मला नीटसं समजलेलं नाही. चेंडू मी पाहिलेला नाही. मला ओळखू येतात ते फक्त हात.

मला वहिनींनी शिवलं. त्या कोट शिवत. एका काळ्या कोटाचं अस्तर उरलं, त्याची मी झाले. त्यांचे यजमान छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवत आणि छापखान्याच्या संघाचे कप्तान आणि गोलकीपर होते. सगळे त्यांना भिंत म्हणत. चिठ्ठ्याही त्यांनीच छापल्या होत्या, जाड पुठ्ठ्यावर, इतक्या दाबून की मागून बोट फिरवलं तरी अक्षरं लागत.

पहिल्या फेरीला माझ्यात आठ संघांच्या आठ चिठ्ठ्या पडल्या. सचिव होते एक निवृत्त मास्तर. त्यांची रीत अशी की सहा चिठ्ठ्या काढायच्या आणि शेवटच्या दोन काढायच्याच नाहीत. “उरलेले दोघे आपसात खेळतील,” म्हणत त्यांनी माझी नाडी ओढली. ते दोघे होते छापखाना आणि लाँड्री. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्या तळाशीच राहिल्या. मला वाटलं, ठेवायला दिल्या असतील. मी जपून ठेवल्या.

त्या सामन्यात छापखाना एका गोलाने हरला. चेंडू भिंतीच्या दोन पायांमधून गेला म्हणे. भिंतीचा तो शेवटचा हंगाम होता. वहिनींनी त्यांचे बूट फळीवर ठेवले, तेव्हा मी शेजारच्या खुंटीवर होते. माझी नाडी तुटली होती, म्हणून मास्तरांनी मला घरी पाठवलं होतं.

“एकदाच,” भिंत म्हणाले. “एकदाच परत उभं राहायला मिळायला हवं होतं. असा गोल खाऊन घरी बसायचं म्हणजे...”

“बसा की. बटणं लावायची आहेत,” वहिनी म्हणाल्या. पण मशीन बराच वेळ थांबलं होतं.

पुढच्या फेरीला मास्तरांनी काढलेल्या चिठ्ठ्यांचा डबा उघडला, तर लाँड्रीची चिठ्ठी सापडेना. त्यांनी नवी हाताने लिहिली आणि चारही चिठ्ठ्या माझ्यात टाकल्या. झाल्या सहा. मी गोंधळले. मागच्या वेळी आठ होत्या, आता चार म्हणतात, आणि माझ्या पोटात सहा. हरलेले जातात कुठे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

या फेरीपासून चिठ्ठ्या हरलेल्या एखाद्या कप्तानाने काढायच्या, म्हणजे कोणाला संशय नको, अशी प्रथा होती. म्हणून भिंतीचा हात आत आला. पहिली निघाली बेकरी. मग हात पुन्हा आला. बोटं एका चिठ्ठीच्या पाठीवरून फिरली, थांबली. दुसरीकडे गेली. परत त्याच चिठ्ठीकडे आली आणि तिला घेऊन वर गेली.

“छापखाना,” मास्तरांनी वाचलं.

खोलीत एकच गलका उठला. दाराशेजारी नियम टांगलेला होता: पिशवीतून निघेल ते अंतिम. मागे एकदा भांडणं झाली होती, तेव्हाचा तो नियम.

“नियम म्हणजे नियम,” बेकरीचा कप्तान म्हणाला. “आम्हाला काय, हरलेलेच बरे.”

“वा रे नियम,” काचकारखान्याचा कप्तान म्हणाला. “बायकोची पिशवी, नवऱ्याचा हात. झकास.”

शिवलेली नाडी दाखवायला वहिनी आल्याच होत्या. त्यांनी मला उचललं, उलटं केलं आणि टेबलावर झटकलं. चार चिठ्ठ्या पडल्या. त्यात लाँड्री दोनदा.

“मास्तर, तुम्ही पिशवी रिकामी केलीच नव्हती,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे चूक माझी. भिंतीला काय माहीत?” मास्तर म्हणाले. “खेळा तुम्ही.”

आता फक्त गप्प राहायचं होतं. भिंत खेळू शकले असते. चिठ्ठी अजून त्यांच्या हातात होती.

“अक्षरं मीच जुळवलीत, मास्तर,” ते म्हणाले. “बोटांना कळलं होतं. मला कळायला जरा वेळ लागला.” आणि त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

मास्तरांनी स्वतः पुन्हा चिठ्ठ्या काढल्या. त्या वर्षी चषक लाँड्रीने जिंकला.

“म्हणजे आपण हरलो तेही विजेत्यांकडूनच,” भिंत म्हणाले.

“हो, आणि तेही पायांमधून,” वहिनी म्हणाल्या.

पुढच्या वर्षी काचकारखान्याचा कप्तानच अडून बसला, की चिठ्ठ्या भिंतीनेच काढायच्या. भिंत म्हणाले, “माझ्या बोटांवर माझाच भरवसा नाही.” तेव्हा वहिनींनी पदराआडून त्यांचा गोलकीपरचा हातमोजा काढून पुढे केला. नऊ वर्षं भिंतीने तो हातमोजा घालून चिठ्ठ्या काढल्या. एकीच्या जागी दोन यायच्या, खाली पडायच्या, आणि सगळी खोली हसायची. दर वेळी वहिनी आधी मला उलटी करून झटकत.

मास्तर पुढे लेकीकडे राहायला गेले. जाताना चषकाची वही चुकून बरोबर नेली आणि टपालाने परत पाठवली. काचकारखान्याच्या कप्तानाला दम लागू लागला. त्याने काच फुंकायचं सोडून दिव्यांचं दुकान टाकलं. छापखाना बंद पडला. भिंतीची नजर गेली, पण बटणं ते शेवटपर्यंत बोटांनी चाचपून लावत. ते गेले, तेव्हा वहिनींनी हातमोजा माझ्यात ठेवला आणि नाडी ओढली. आता वहिनीही नाहीत. त्यांच्या भाचीच्या कपाटात मी सगळ्यात खाली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी पिशवी असेल, तर तिला अधूनमधून उलटी करा, झटका, ऊन दाखवा. आत काय राहिलंय ते आम्हाला सांगता येत नाही. चूक कोणाची होती, हे मला आजही उमगत नाही. छापखान्याची चिठ्ठी मला ठेवायला दिलीय असं मी समजले, आणि ती नुसती राहून गेली होती. हातमोजा मात्र ठेवायलाच दिलाय. एवढं मला नक्की कळतं. झटकून झालं की तो परत आत ठेवा.