छत्रीच्या खटल्यातला पिंजरा

मित्रांनो, सिनेमातल्या कोर्टात साक्षीदार ज्यात उभा राहतो, तो लाकडी पिंजरा तुम्ही पाहिला असेल. मी तसलाच एक जुना पिंजरा आहे. फरक एवढाच की खऱ्या कोर्टाचं तोंड मी कधी पाहिलं नाही. नागपुरात गांधीबागेत एका कापड दुकानाच्या वर संध्याकाळचं एक छोटं लॉ कॉलेज होतं. साक्ष कशी द्यावी आणि कशी घ्यावी हे शिकवायला त्यांना पिंजरा हवा होता, म्हणून लकडगंजच्या नत्थू सुताराने मला सागवानातून घडवलं. हात ठेवणाऱ्याला बरं वाटावं, इतका त्याने माझा कठडा घासला. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

प्राचार्य मनोहररावांची शिकवायची तऱ्हा न्यारी होती. तास सुरू व्हायच्या आधी ते एखाद्याला गुपचूप सांगून कोणाची तरी छत्री पळवायला लावत. मग छत्रीचा खटला उभा राही. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्यानेच माझ्यात उभं राहायचं आणि पाहिलं तेवढंच सांगायचं. पिंजऱ्यात खोटं बोलायचं नाही, खेळातसुद्धा नाही, हा त्यांचा नियम होता. साठच्या दशकात दिवसभर कचेरीत, रेल्वेत, शाळेत राबलेली माणसं संध्याकाळी जिना चढून येत. बाकांवर जागा पुरत नसे. उशिरा आलेले मलाच टेकून उभे राहत.

मग दिवस फिरले. दोन वर्षांचा अभ्यास तीन वर्षांचा झाला आणि आणखी एक वर्ष फी कोण भरणार म्हणून कित्येकांनी वकिलीचा नादच सोडला. ज्यांच्या खिशाला परवडत होतं ते मोठ्या कॉलेजात गेले. मुलं कमी म्हणून फी कमी, फी कमी म्हणून प्राध्यापक टिकेनात, आणि प्राध्यापक नाहीत म्हणून मुलं आणखी कमी. दुकानमालक भाडं मागायला वर आला की मनोहरराव खडू घेऊन फळ्याकडे तोंड करत. मला सगळं दिसत होतं, पण लाकूड काय करणार?

उरलेल्यांत गोपिका होती. दिवसा एका कचेरीत टायपिंग करायची आणि संध्याकाळी इथे यायची. तिचं शेवटचं वर्ष होतं. दिवसाच्या कॉलेजात जायचं तर नोकरी सोडावी लागली असती, आणि तिच्या नोकरीवर तर घर चालत होतं. हे कॉलेज बुडालं की आपली वकिलीही बुडाली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी तपासणी समिती येणार होती. विद्यार्थी पुरेसे दिसले नाहीत तर परवानगी जाणार होती. काही सुचेना, तेव्हा मनोहररावांनी आजूबाजूच्या दुकानांतल्या नोकरांना धुतलेले कपडे घालायला सांगून बाकांवर आणून बसवलं. मला त्यांचा राग आला नाही, कीव आली. भरलेला वर्ग पाहून समिती खूश झाली. मग मनोहररावांना राहवेना. आपल्या कॉलेजची शान दाखवावी म्हणून त्यांनी छत्रीचा खटला लावला आणि सगळ्यांत हुशार म्हणून गोपिकेला माझ्यात उभं केलं.

तिने शपथ घेतली. छत्री कोणी नेली ते नीट सांगितलं. समितीतल्या एका साहेबांना गंमत वाटली. उलटतपासणी मीच घेतो, असं म्हणून ते पुढे आले.

"इथे बसलेले सगळे तुमच्याबरोबर शिकतात का?"

गोपिकेचे हात माझ्या कठड्यावर घट्ट झाले. पोरी, आधी बाहेर हो आणि मग काय ते बोल, असं मला सांगायचं होतं. तिने मनोहररावांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

"नाही साहेब," ती म्हणाली. "आम्ही अकरा जणच आहोत."

समिती गेली, दुकानातली माणसं चपला घालून खाली उतरली, तरी ती उभीच होती. मनोहरराव जवळ आले.

"तू बरोबर बोलली पोरी. चूक माही आहे. तुले पिंजऱ्यात उभं करायचं नव्हतं."

परीक्षेच्या आधीच जिन्याला कुलूप लागलं. बाकीच्या मुलांना दिवसाच्या कॉलेजाने घेतलं. गोपिका पुन्हा दिसली नाही. मनोहररावांनी जाताना माझ्या कठड्यावरून एकदा हात फिरवला. पुढे वर्गात कापडाचे गठ्ठे आले आणि मी मोडीत निघालो.

धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी मला विकत घेतलं. औषधाच्या खिडकीपुढे रोग्यांची रेटारेटी होऊ नये म्हणून त्यांनी मला तिथे ठेवलं. आता विदर्भभरातून आलेली माणसं माझा कठडा धरून उभी राहतात. शपथ मात्र कोणी घेत नाही.

ऐंशी सालानंतर कधीतरी एक बाई आपल्या आजारी आईला घेऊन आल्या. हात कठड्यावर पडताच मी ओळखलं. गोपिका होती. केस पिकायला लागले होते आणि बोटांची टोकं टायपिंगने निबर झाली होती. ती कठड्यावर हात फिरवत राहिली. औषधं कधीच पुढ्यात येऊन पडली होती.

"काय पाहून राहिली वं?" आईने विचारलं. "ओळखीचं आहे का काही?"

"नाही वं माय," ती म्हणाली. "असंच."

मित्रांनो, माझ्यात उभी राहून गोपिका त्या दिवशी पहिल्यांदा खोटं बोलली. मला फार वाईट वाटलं, पण मी तिला थांबवू शकलो नाही. तुम्ही एवढंच करा. खरं बोलून कोणाचं काही गेलं असेल, तर पुढे तुझं काय झालं, हे त्याला जवळ जाऊन विचारा. आम्हा लाकडांना विचारता येत नाही.