कोंड्यातला जवळा

“कळंबचा जवळा हाय ह्यो,” हिलरीने बोटं चाटत निकाल दिला. “पहिल्या उन्हात वाळवलेला. चोख.”

पंगतीतल्या माना डोलल्या. डोलणारच. हिलरीने चिमूट तोंडात टाकून ‘चोख’ म्हटल्याशिवाय अर्नाळ्यात व्यापारी सुक्या मासळीच्या गोणीला हात लावत नाहीत. स्टॅनीच्या दुसऱ्या पुण्यतिथीचा मिस्सा चर्चमध्ये आटोपून माणसं अंगणात जेवायला बसली होती. स्टॅनीची बायको प्रिस्का भाकऱ्या वाढत होती. बाकीच्यांच्या पानांत खरा जवळा होता. धाकट्या दिराच्या, हिलरीच्या, पानातली चटणी तेवढी वेगळी होती. त्यात तिने पाळलेल्या अळ्या होत्या, भाजून लसूण-मिरचीबरोबर कुटलेल्या.

खा, लेका, पोट भरून खा.

स्टॅनीला मातीत ठेवून महिना झाला नव्हता, तेव्हा याच हिलरीने तिचा जवळा चाखून तुळिंजच्या सदानंद व्यापाऱ्यासमोर थुंकला होता. “किडलाय. अळ्या पडल्यात.” झालं. तीस वर्षं उन्हात करपून उभा केलेला धंदा एका थुंकीत बुडाला. बाजारात तिच्या पाटीपुढून बायका नाक दाबून जायला लागल्या.

अळ्या म्हणतात काय, मग अळ्याच विकीन, असं म्हणून तिने कोंबड्यांच्या खाद्यासाठी अळ्या पाळणाऱ्या भाचीकडून पिवळ्या अळ्यांचा एक ट्रे आणला. आणला रागाने, पण जीव जडला. गव्हाचा कोंडा नि गाजराची सालं एवढ्यावर त्या बिचाऱ्या पोसतात. वास नाही, भांडण नाही, समुद्र रिकामा झाला तरी यांचं काही अडत नाही. भाजल्या की शेंगदाण्यासारख्या खमंग लागतात. विरारचे कोंबडीवाले न्यायला लागले, ती स्वतःही भाताबरोबर खायला लागली. गावाने तिला ‘किडेवाली’ करून टाकलं. तिने ते नाव दोन वर्षं गिळलं होतं.

आज जेवणं झाली की ट्रे अंगणात मांडायचा आणि त्या जिभेची अब्रू सगळ्यांसमोर काढायची, असं तिने ठरवलं होतं. सदानंदालाही मुद्दाम बोलावलं होतं. पण आधी हिलरीचं तोंड एकटीने बघायचं होतं.

तो हात धुवायला मागच्या पडवीत आला तशी तिने ट्रेवरचं फडकं ओढलं. कोंडा सळसळला.

“ह्यो बघ तुझा कळंबचा जवळा.”

तो ओकेल, शिव्या घालेल, असं तिला वाटलं होतं. पण हिलरी पायरीवर बसला.

“मला कलला नाय, वयनी,” तो हळूच म्हणाला. “मला कायच कलत नाय. मोठा ताप आलेला, तवापासून चव गेली. मीठ नि साखर पन सारखीच लागते. चार वर्सं झाली.”

“चार?” प्रिस्काच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. “मग माझा जवळा?”

हिलरीने बोटांना चिकटलेली चटणी पायरीला पुसली.

“बोल.”

“सगल्यांचाच माल चांगला म्हटला तर लोकांना संशय येईल. कोनाला तरी नापास करायला होवं. दादा नव्हता. तुझ्या बाजूने बोलनारा कोन नव्हता.”

नुसता चुकला असता तर एखाद दिवशी तिने त्याला सोडलंही असतं; हे त्याने जाणूनबुजून केलं होतं. तो हात धुवायला उठला, तिने तांब्या बाजूला सरकवला. भाजलेल्या अख्ख्या अळ्यांनी वाटी भरली आणि त्याच्या हातात दिली.

“भायेर चल. सगल्यांना सांग ह्या अल्या हायत, नि त्यांच्यासमोर खा. नायतर तुझ्या जिभेचं मी सांगते.”

“वयनी, गाव हसेल गं.”

“मला हसलंच ना गाव.”

हिलरी अंगणात आला. त्याने सांगितलं तेव्हा कुणाचा तरी पेला कलंडला. कुणीतरी छातीवर क्रूसाची खूण केली. त्याने एक अळी उचलून तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिला. सदानंद पान सोडून पुढे आला.

“काय हिलरीभाऊ, कशी आहे?”

हिलरीने वहिनीकडे पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती.

“चोख,” तो म्हणाला.

याच शब्दासाठी ती दोन वर्षं जळत होती. आता तो आला, तोही काहीच न कळणाऱ्या जिभेवरून. वाटी रिकामी होईपर्यंत ती थांबली. मग पुढे जाऊन तिने ती पुन्हा भरली.