दोन दोरांची बादली

मित्रांनो, कचेरीच्या दाराशी ज्या बादलीत तुम्ही ओल्या छत्र्या उभ्या करता, ती मी. पोचे आलेली, ऱ्हाईन नदीवरची एक जुनी बादली. फार बोलायला आता दम उरलेला नाही.

मला कामाला लावले ते खेशे या डच बाईने. नदीच्या पाण्याचे नमुने घेणे हे तिचे काम. समोरच्या जर्मन काठावर ऑर्टविन हेच काम करी. वरच्या अंगाला जर्मन कारखाने होते, आणि खाली खेशेचे गाव हेच पाणी पीत होते.

माझ्यात काळपट पाणी येई, ऑर्टविनच्या बादलीत स्वच्छ. दोन्ही सरकारे वर्षानुवर्षे एकमेकांना खोटे ठरवत राहिली. नियमच तसा होता, ज्याच्या हाती दोर त्याच्या देशाचे पाणी. दोघेही शिस्तीचे, त्यामुळे नदीमधली सीमा ओलांडून कोणी बादली बुडवत नव्हते.

मग गावातली मुले आजारी पडली. खेशेची लेकही पडली. तेव्हा ती मला घेऊन सरळ पलीकडे गेली.

"अहो ऑर्टविन, माझी पोर अंथरुणाला खिळलीय, आणि तुमचा कागद म्हणतो नदी ठणठणीत आहे."

"माझ्या काठाला आहेच. तुमच्या काठाला यायची मला परवानगी नाही."

"नावेत बसा. सीमा कुठे दिसली तर सांगा, तिचाही नमुना घेऊ."

तो हसला नाही. पण त्याने माझ्या कडीला आपलाही दोर बांधला आणि नावेत बसला. या काठापासून त्या काठापर्यंत दोघांनी मला बुडवले. खेशेच्या काठाकडे पाणी काळे होत गेले. कारखान्यांची घाण प्रवाहाबरोबर तिच्याच काठाला लागत होती. खोटे कोणीच बोलत नव्हते. ऑर्टविनने मान खाली घालून खेशेच्या नोंदीखाली सही केली.

त्यानंतर कारखान्यांना घाण आवरावी लागली. खेशेची लेक बरी झाली. दोन्ही देशांची मिळून ही एक कचेरी झाली, भाषणांत माझे कौतुक झाले. पुढे पाणी तपासणारी यंत्रे आली आणि माझ्या वाट्याला छत्र्या आल्या. त्याचे वाईट वाटते, खोटे कशाला सांगू?

काल नदीला पुन्हा तो वास आला. यंत्रावर लाल दिवा लागला. दोन्हीकडचे साहेब सकाळपासून फोनवर एकमेकांना म्हणत आहेत, "आधी तुम्ही जाहीर करा."

आत्ताच म्हातारी खेशे काठी टेकत आली. तिने माझ्यातल्या छत्र्या काढून जमिनीवर ठेवल्या.

"चल गं," ती म्हणाली.

मी थकले आहे, मित्रांनो, पण जाते. एक दोर तिच्या हातात आहे. ऑर्टविन आता राहिला नाही. त्याचा दोर मोकळा लोंबतो आहे, तेवढा कोणीतरी धरा.