हिराच्या नावाचा होल्डॉल

सकाळचे सहा वाजून पाच मिनिटं. कारखान्याचा भोंगा नुकताच थांबला होता, तेव्हा तुळसाबाईंनी नातीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अंग गरम हाये वो हिचं." सगळं तिथून सुरू झालं.

मी होल्डॉल बोलतोय. प्रवासात अंथरूण-पांघरूण गुंडाळून नेतात ना, तो. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, त्या दिवसांतला माझा जन्म. यार्डात मोठमोठ्या मशिनी यायच्या. त्यांच्यावरची एक फाटकी ताडपत्री शेषरावांनी घरी आणली. शेषराव रेल्वेत सांधेवाले, रूळ बदलून गाडीला वाट देणारे. त्यांची बायको हिरा, तिनं मला दाभणानं शिवलं. बोटात दाभण घुसलं तेव्हा माझ्या पट्ट्याला रक्त लागलं. तो डाग मला फार प्रिय आहे.

त्या वर्षी शेषरावांना रेल्वेकडून घरच्या सगळ्यांचा रामेश्वरचा फुकट पास मिळाला होता. रामेश्वर म्हणजे बेट. चहूकडे समुद्र, नारळाची झाडं, आणि गाडी म्हणे पाण्यावरच्या पुलावरून जाते. हिरानं शिवनाथ नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. मला शिवता शिवता ती आपल्या लहानग्या लेकीच्या, मैनीच्या, काळजीनं विचारायची, "अहो, मैनीले लाट घेऊन जाईन काय?"

"लाट काय तुह्या वळखीची हाये, का पोरगी मागाले येईन?" शेषराव हसायचे.

तरी तिचा घोर जात नसे. तिनं माझ्या पोटाशी एक छोटा खिसा शिवला. त्यात मैनीची लंगोटं, काजळाची डबी, ग्राइप वॉटरची बाटली. वर लाल दोऱ्यानं नाव काढलं, 'सौ. हिरा शेषराव'. सातवीपर्यंत शिकली होती, अक्षर सुरेख.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हिरा पाणी भरायला गेली असताना सासूबाईंनी, म्हणजे तुळसाबाईंनी, माझ्यातल्या सतरंजीखाली एक हिरवं लुगडं सरकवलं. मला वाटलं, म्हातारीचंच असेल.

सकाळी मैनी माझ्यावरच झोपली होती. तिचा गाल माझ्या ताडपत्रीला लागलेला. गारगार गाल होता. हिरानंही हात लावून पाहिला. "मले तं गारच लागते, आत्याबाई."

"तुले काय समजते? समुद्राची हवा तापल्या लेकराले सोसत नाही. एकच तं पोरगी हाये. काही कमीजास्त झालं मंग?"

कमीजास्त हा शब्द ऐकला आणि हिरानं मैनीला उचलून छातीशी धरलं. सासूबाईंना ठाऊक होतं, हिला कुठं दुखवायचं. शेषराव चपलेचा अंगठा ठीक करत राहिले. मान वर केली नाही.

"तुमी जा," हिरा म्हणाली. "मैनीसाठी शिंपला आणजा. अन् माह्या वाट्याचा समुद्र पाहून घेजा."

पुढचंच स्टेशन दुर्ग. तिथं शेषरावांची बहीण कमला गाडीत चढली. "आई, माह्यं हिरवं लुगडं आणलं ना?" तेव्हा मला कळलं. लग्न झालेल्या बहिणीचं नाव पासात येत नाही. जागा फक्त हिराचीच रिकामी करता येत होती.

गोंदियाच्या पुढं टीसी आला. "ये कौन?"

"मेरी घरवाली. हिरा." सख्ख्या बहिणीकडे बोट करून शेषराव बोलले. सासूबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. टीसीनं माझ्यावरचं लाल नाव वाचलं आणि मान हलवली. बिचारीनं रात्री जागून काढलेली अक्षरं, आणि ती तिच्याच विरुद्ध साक्षीला उभी राहिली. मला तोंड नाही याचं दुःख मला त्या दिवशी झालं तेवढं कधीच झालं नाही.

बेट खरंच सुंदर होतं. नणंदबाई लुगडं खोचून लाटांत नाचल्या, म्हातारीनं शिंपले वेचले. एकदा शेषरावांनी माझा छोटा खिसा उघडला. मैनीची लंगोटं तशीच होती, घाईत काढायची राहिलेली. त्यांनी बटण परत लावलं.

परतताना कमला म्हणाली, "यात माह्यं वल्लं लुगडं हाये, रेती हाये. वयनी पाहीन तं?"

"चोरीले गेला म्हणू," म्हातारी म्हणाली. "तू घेऊन जाय."

अशी माझी चोरी झाली. तेव्हापासून मी दुर्गला कमलाच्या घरी आहे. नावावर ठिगळ मारलंय, आणि पोटात गोवऱ्या भरल्यात. शिवणीत अजून थोडी रेती आहे.

परवा शेषराव आले होते. बहिणीला सांगत होते, "हिरा अजून म्हणते, बरं झालं नाही गेलो. पोरगी खेळता खेळता थांबली का हिचा हात कपाळावर. वरून शेजारणीले इचारते, पाहा बरं, मले गरम समजत नाही."

"मंग सांगून टाक ना, दादा."

"कोन्या तोंडानं?" म्हणाले, आणि चहा संपवून गेले.

म्हणून तुम्हाला विनवतो. भिलाईकडे तुमच्यापैकी कोणी जात असेल, तर स्टेशनजवळच्या रेल्वे क्वार्टरात हिराबाई राहते, तिला एवढा निरोप द्या. होल्डॉल चोरीला गेला नाही, हे नाही सांगितलं तरी चालेल. लुगड्याचं, बेटाचंही राहू द्या. फक्त सांगा, बाई, त्या सकाळी पोरीचं अंग गारच होतं. तुझा हात बरोबर होता.