टोवेचं ग्लिसरॉल

डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या त्या प्रयोगशाळेत एक नियम होता: ज्याच्या हातून नमुना बिघडेल, त्याने शुक्रवारी सगळ्यांसाठी केक आणायचा. टोवे केर्सगोरवर बत्तीस वर्षांत ही वेळ आली नव्हती. या शुक्रवारी मात्र ती सफरचंदाचा केक घेऊन आली, आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

काम होतं औषध गोठवायचं. हे औषध कडाक्याच्या थंडीत चुंबकाने भारायचं, मग क्षणात वितळवून पेशंटला टोचायचं, म्हणजे स्कॅनमध्ये गाठ उजळून दिसते. पण गोठताना ते काचेसारखं नितळ राहायला हवं. पांढरं पडलं की स्फटिक झाले, सगळी मेहनत पाण्यात. म्हणून त्यात काहीतरी मिसळावं लागतं. प्रोफेसर आस्गर होल्म्बोचा जीव डीएमएसओ नावाच्या द्रावकावर. टोवे म्हणे, त्याने पेशंटच्या तोंडाला दिवसभर लसणाचा वास मारेल; आधीच कॅन्सरने गांजलेला माणूस, त्याला हे कशाला? तिने ग्लिसरॉल, म्हणजे आपलं ग्लिसरीन, धरलं. ते दाट, चिवट. पण थेंब थेंब करून द्रव नायट्रोजनमध्ये सोडलं की थोडक्या ग्लिसरॉलवरही नितळ मणी गोठत. वर्षभर खपून तिने हे बसवलं होतं. मार्चमध्ये ती निवृत्त होणार होती. हॉस्पिटलने हे मिश्रण घेतलं तर आपलं काहीतरी मागे राहील, एवढीच तिची आस.

बुधवारी शेवटची चाचणी होती. टोवे दातांच्या डॉक्टरकडे गेलेली, म्हणून आस्गरनेच गोठवलं. सगळं पांढरंफटक! "ग्लिसरॉल फसलं. मिश्रण तुझं, टोवे, केकही तुझा!" चोर तो चोर, वर शिरजोर.

शुक्रवारी सगळे केकवर तुटून पडले. टोवे बसली नाही.

"आस्गर, ते गोळे मी पाहिले. अक्रोडाएवढे होते. तू थेंब सोडलेच नाहीस. सरळ पेला उपडा केलास."

काटे थांबले.

"अगं, घाई होती," आस्गर म्हणाला. "थेंब थेंब करत कोण बसणार?"

"मग आत्ता करू. अर्धा तास लागेल."

"कशाला? हॉस्पिटलला डीएमएसओ कळवलंय."

"कधी?"

त्याने घास गिळला. "मंगळवारी."

मंगळवारी पत्र, बुधवारी चाचणी. वरातीमागून घोडं, आणि तेही मुद्दाम लंगडं केलेलं! टोवेने टेबलाभोवती पाहिलं. थेंब सोडायला तिनेच जिला शिकवलं होतं ती सिग्ने बशीतला चुरा बोटाने टिपत होती.

"एवढं मनाला नको लावून घेऊस," आस्गर म्हणाला. "केक मात्र फक्कड झालाय हं. कृती लिहून दे की, घरी करून बघतो."

टोवेने कागद ओढला. मिठापाशी पेन अडलं. चार चमचे लिहावेत, खाऊ दे लेकाला, असं अगदी मनापासून वाटलं तिला. पण हाताला खोटं माप लिहिता येईना. तिने पाव चमचा लिहिलं.

आस्गरने कागद न वाचताच खिशात घातला.